वेड्याले समुद्र

बाबा, तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता. मी सातवीत होते. तुम्ही शाळेच्या भिंतीपाशी उकिडवे बसला होतात, एका हातात बारीक ब्रश, दुसऱ्या हातात रंगाची डबी, आणि मान न वळवता म्हणालात, "माय, जेथ मानूसच राह्यत नाई, तथच्या समुद्राले नाव कोनासाठी ठेवलं असन?" मी उत्तर दिलं नाही, कारण मला ऊन लागत होतं आणि तुमचा राग आला होता. आता उत्तर सापडलंय. पंचेचाळीस वर्षं उशीर झाला, आणि तुम्हाला जाऊनही सव्वीस वर्षं झाली, पण उत्तर मिळालं की सांगावं हे तुम्हीच शिकवलंत. सांगायला बसले आणि लक्षात आलं की मलाही तुम्हाला इतकी वर्षं एक विचारायचं होतं, आणि खरं म्हणजे त्यासाठीच बसले आहे. त्या समुद्राचं नाव मी तुम्हाला चुकीचं वाचून दाखवतेय, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?

सगळं पहिल्यापासून मांडते. दर्यापूर आणि आसपासच्या पंधरा-वीस गावांत पाटी म्हटली की पेंटर म्हणजे तुम्ही. कृषी सेवा केंद्र, पिठाची गिरणी, कापसाच्या जिनिंगच्या कुंपणावरचं 'विडी ओढू नये', मोझरीच्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी बाण काढलेल्या पाट्या, सगळीकडे तुमचंच अक्षर. शिक्षण चौथी, पण तहसीलचे कारकूनसुद्धा तुमच्या पाटीखाली थांबून वर बघायचे. आई म्हणायची, "लेकरं कोनत्या वर्गात हायेत ते याईले ठाऊक नाई, पन कोनत्या दुकानाची वेलांटी पहिली अन् कोनत्याची दुसरी, ते इचारा." धंद्याचा तुमचा एक नियम होता. ज्याची पाटी त्यानं नाव सांगायचं, आणि तो सांगेल तसंच्या तसं लिहायचं. पेंटरनं नाव सुधारायचं नाही. म्हणून सदऱ्याच्या खिशात ती लांबट वही असायची. प्रत्येक पाटीचं नाव तिच्यात आधी लिहायचं, अक्षरं मोजायची, म्हणजे फळ्यावर जागा किती सोडायची ते कळतं, आणि नावापुढे बारीक अक्षरात टिपायचं, कुणी सांगितलं ते. 'मालकानं सांगतलं', 'मालकाच्या साळ्यानं सांगतलं'. पुढे कुणी भांडायला आलं तर तुम्ही काही बोलायचा नाहीत, नुसती वही काढून पान उघडून पुढे धरायचात. एका कापड दुकानदाराला त्याच्याच मेहुण्याचा प्रताप तुम्ही असा दाखवला होता, तेव्हा मी तुमच्या सायकलच्या दांड्यावर बसले होते. भरल्या बाजारात त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तर त्या उन्हाळ्यात आपल्या गावच्या शाळेच्या हेडमास्तरांना बाहेरच्या भिंतीवर जगाचा नकाशा पाहिजे होता. त्यांनी तुम्हाला शाळेचा नकाशांचा मोठा संग्रह दिला, जाड पुठ्ठ्याचा, मधली दोन पानं निसटलेला. तुम्ही आधी खडूच्या दोरीनं भिंतीवर चौकटी पाडल्या, तशाच पेन्सिलीच्या चौकटी पानावर, आणि एकेक चौकट करत आठ दिवसांत सगळी पृथ्वी भिंतीवर चढवली. मला तर ती अजूनही तुमचीच वाटते. आफ्रिका जरा जाड झाली होती, पण बरी दिसायची. मग नावं लिहायचा दिवस आला. तुमचे दोन्ही हात रंगात, संग्रहाच्या पानाला डाग पडता कामा नये अशी हेडमास्तरांची ताकीद, म्हणून मला बसवलंत. मी मांडीवर ते पुस्तक घेऊन नाव वाचायचं आणि तुम्ही लिहायचं. सुटीचे दिवस होते, मैत्रिणी बोराच्या झाडाखाली खडे झेलत बिट्ट्या खेळत होत्या, त्यांचा आवाज येत होता, आणि मी भिंतीपाशी बसून तुम्हाला जग वाचून दाखवत होते.

एकेका नावाला तुम्ही किती वेळ लावायचात! नाव लिहून झालं की प्रश्न. काळा समुद्र खरंच काळा आहे का? तांबडा कुणी पाहिला? मृत समुद्र म्हटल्यावर तर तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "समुद्र मरते कसा, माय?" मी म्हटलं, त्यात मासे जगत नाहीत, खूप खारा आहे. तुम्ही हसलात आणि शाळेच्या हापशाकडे बोट दाखवलंत. "मंग आपन काय हावो?" आपलं खारं पाणी तुम्ही विसरणार कसे. चहा केला तर दूध नासायचं, डाळ शिजायची नाही, आई गोड पाण्यासाठी दोन कोस जायची. तुम्ही सांगायचात की इथे खाली कधीकाळी समुद्र होता, तो जमिनीखाली गेला आणि नुसतं मीठ वर ठेवून गेला, म्हणून तर तालुक्याच्या गावाचं नाव दर्यापूर. खरं काय ते मला आजही माहीत नाही. दर्यापूर हे नाव कुण्या सरदाराच्या नावावरून पडलं असं म्हणणारेही आहेत. पण तुमचं म्हणणं मला आवडायचं, कारण जिथं समुद्र नाही त्या गावाच्या नावात समुद्र, आणि जिथं गाव नाही त्या समुद्राला नाव, ही गंमत तुम्हीच मला दाखवलीत. त्या दिवशी मात्र ती मला गंमत वाटत नव्हती.

दुपार झाली तेव्हा आपण खाली दक्षिणेला पोहोचलो होतो. अंटार्क्टिका भिंतीच्या अगदी पायथ्याशी, हापशाशेजारी. तिथं नावं बारीक, आणि समुद्र बरेच. मी वाचलं, वेडेल समुद्र. तुम्ही विचारलंत, "काय?" मी परत वाचलं. तेवढ्यात तुम्ही तो प्रश्न विचारलात, माणूस राहत नाही तिथल्या समुद्राला नाव कशाला, आणि वर आणखी, हे नाव कशावरून, वेड्याशी काही संबंध आहे का. झाडाखाली कुणाचा तरी डाव संपून आरडाओरडा झाला. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "वेड्याले, बाबा! वेड्याले समुद्र. वेड्याले देला तो. लिवा आता." आणि ते म्हणताना माझ्या मनात वेडा कोण होता, हे आज लिहायलाही जड जातंय. तुम्हीच होतात.

मला वाटलं तुम्ही हसाल, किंवा रागवाल. तुम्ही ब्रश डबीवर आडवा ठेवलात. फडक्याला हात पुसले, खिशातली वही काढली, उलटीपालटी केली, कानामागच्या पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंत आणि वही परत ठेवलीत. मग स्वतःशीच म्हणालात, "समुद्र मेलेला असू शकते, तं वेड्याचा काहून नाई?" आणि निळ्यावर पांढऱ्या रंगात, तुमच्या त्या देखण्या अक्षरात, लिहून टाकलंत. वेड्याले समुद्र. मला पोटात हसू येत होतं. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी खेळायला गेले. दुसऱ्या दिवशी विसरले. आणि मग शाळा उघडली.

उद्घाटनाचा दिवस तुम्हालाही आठवत असेल. अमरावतीहून कुणी साहेब आले होते. आम्हाला वर्गवार रांगांत उभं केलं होतं, मी तिसऱ्या रांगेत. तुम्ही धुतलेलं धोतर आणि इस्त्रीचा सदरा घालून बाजूला उभे होतात. साहेब नकाशा बघत बघत वरून खाली आले, हापशापाशी वाकले, मोठ्यानं वाचलं, आणि आपल्या बोलीची नक्कल करत म्हणाले, "वेड्याले? मग शहाण्याले कोणता दिला हो?" सगळी शाळा हसली. हेडमास्तरांचं तोंड उतरलं, आणि ते तुमच्यावर उखडले. "पेंटर, चवथी तरी पास झाले होते का तुमी?" तुमचा हात खिशाकडे गेला. आता वही निघणार, पान उघडणार, आणि सगळ्या शाळेपुढे 'पोरीनं सांगतलं' असं वाचून दाखवलं जाणार. तुम्ही खिशातून रुमाल काढलात. तोंड पुसलंत. म्हणालात, "चुकलं साहेब माह्यं. आत्ता नीट करतो." आणि तसेच, त्या पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी, हापशाच्या चिखलापाशी उकिडवे बसलात, वर निळा रंग मारलात, आणि तो पुरता वाळायच्या आत हेडमास्तरांनी कागदावर लिहून दिलेलं नाव लिहिलंत.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही खाली मान घालून जेवताय. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत. आई भाकरी थापता थापता विचारते, "काहून हो, आज गप्प गप्प?" तुम्ही म्हणता, "ऊन लागलं जरासं." मी चुलीच्या या बाजूला बसून भाकरीचे नुसते तुकडे करतेय. वाटलं, आता विचाराल. नंतर वाटलं, उद्या विचाराल. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. आणि पुढच्याच आठवड्यात एका दवाखान्याची पाटी आली, डॉक्टरच्या डिग्र्या इंग्रजीत होत्या, तर तुम्ही तो कागद माझ्यासमोर धरलात आणि नेहमीसारखंच म्हणालात, "माय, वाचून दे बरं." हे मला तेव्हा उलगडलं नाही. कळलं असेल तर परत माझ्याकडे का आलात? आणि कळलं नसेल तर त्या दिवशी वही का नाही काढली? मी तो कागद चार वेळा वाचला होता, एकेक अक्षर बोट ठेवून. पुढे अकोल्याला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. छत्तीस वर्षं पुस्तकांची नावं कार्डांवर आणि मग कॉम्प्युटरवर चढवली. तिथले लोक म्हणायचे, या मॅडम पुस्तकाचं नाव तीनदा वाचल्याशिवाय टाइप करत नाहीत. कुणाला सांगणार, सवय कुठून लागली ते.

आता तुमचं उत्तर. निवृत्तीच्या आधी शेवटच्या वर्षी रद्द करायच्या पुस्तकांचा ढीग माझ्या टेबलावर होता. त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रांच्या सफरींचं, पानं पिवळी पडलेली, मधे वाळवीनं बोगदा केलेला. मी सहज चाळलं आणि ते नाव दिसलं. मग ते ढिगात गेलं नाही, रीतसर अर्ज करून घरी आणलं. शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचलं. तुमच्यासाठीच वाचत होते, तेव्हा कळत नव्हतं.

वेडेल हे एका कप्तानाचं आडनाव, बाबा. तो काही शोध लावायला गेला नव्हता. सील नावाचा समुद्रातला केसाळ प्राणी असतो, त्याच्या कातड्यासाठी शिकार करणारा माणूस. दोन लहान गलबतं घेऊन तो सील शोधत दक्षिणेला गेला. बर्फ आडवा आला. त्यातून वाट काढत तो आणखी खाली गेला, आणि अचानक बर्फच संपला. पुढे निळं, मोकळं पाणी. हवा सौम्य, पाण्यात देवमासे, वर पाखरंच पाखरं. तिथवर त्याच्याआधी कुणीही गेलेलं नव्हतं. जमीन दिसली नाही, सील तर एकही मिळाला नाही, खलाशी हिरमुसले. परतायची वेळ झाली तेव्हा त्यानं निशाणं चढवली, एक तोफ उडवली, खलाशांनी आरोळ्या दिल्या, आणि त्यानं त्या समुद्राला नाव दिलं. कुणाचं ठाऊक आहे? आपल्या राजाचं! जो राजा आपल्या महालात बसला होता, ज्यानं तो समुद्र पाहिला नाही आणि पाहणारही नव्हता. तर तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. माणूस राहत नाही तिथलं नाव तिथल्यासाठी नसतंच, ते घरी परत येऊन कुणाला तरी दाखवण्यासाठी असतं. मालकाचं नाव पाटीवर, आणि पेंटरचं कुठंच नाही, तसंच.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्यानंतर जे जे तिकडे गेले त्यांना मोकळं पाणी लागेना. जिथून तो आत शिरला तिथं बर्फाची भिंत. नावाजलेले, मोठ्या जहाजांचे कप्तान परत आले आणि लोक म्हणायला लागले की हा शिकारी थापा मारतो. त्यानं आपल्या नोंदवहीवर हात ठेवून शपथेवर सांगितलं होतं, मी तिथवर गेलो होतो. कुणी मानलं, कुणी नाही. तो मरून गेल्यावर, नाव ठेवल्याला पाऊणशे वर्षं उलटल्यावर, एका अभ्यासकानं सुचवलं की राजाचं नाव काढा, आणि जो गेला होता त्याचं द्या. तेव्हापासून तो वेडेल समुद्र. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. समुद्र शेवटी त्यालाच दिला की नाही? ज्याला सगळे वेड्यात काढत होते त्याला. म्हणजे आपल्या भिंतीवर पंधरा दिवस जे नाव होतं ते भूगोलात चूक, पण घडलं तसंच होतं. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही ब्रश खाली ठेवून किती तरी वेळ हसला असतात. मग विचारलं असतंत, "अन् राजाले राग नाई आला?" राजा केव्हाच मेला होता, बाबा.

हे सगळं मी माझ्या वहीत उतरवून ठेवलं होतं, तेवढ्यात मागच्या आठवड्यात आपल्या शाळेच्या आताच्या हेडमास्तरीण बाईंचा फोन आला. तरुण आहेत, परतवाड्याकडच्या. "मॅडम, सोमवारी ती नकाशाची भिंत खरवडून राह्यले. नवीन रंग येणार. त्याआधी येऊन जा, मुलांशी दोन शब्द बोला. तुमच्या वडिलांनी काढला होता ना?" शुक्रवारी सकाळी अकोल्याहून दर्यापूरची बस धरली, पुढे जीप. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं. भिंतीचा वरचा भाग बराच शाबूत आहे, आफ्रिका अजून जाड आहे. पण खाली, हापशापाशी, जमिनीतला खार भिंतीत चढलाय. रंगाचे पोपडे सुटलेत आणि अंटार्क्टिकावर मिठाचा खराखुरा पांढरा थर आलाय. घाईत मारलेला रंगाचा दुसरा हात तेवढा गळून पडलाय, आणि आतून पहिलं अक्षर वर आलंय. ठसठशीत. वेड्याले समुद्र.

बाई हसत म्हणाल्या, "हे गावात फेमस आहे मॅडम. पोरं सुट्टीत म्हणतात, चाल, वेड्याले जाऊ. सगळे सांगतात, पेंटर अडाणी होता, पण अक्षर काय सुंदर!" त्या चांगल्या मनानं बोलत होत्या. मला मात्र ते अडाणी चपराकीसारखं बसलं. पंचेचाळीस वर्षं गाव तुम्हाला प्रेमानं अडाणी म्हणतंय, बाबा, आणि ज्या पोरीमुळे म्हणतंय तिला त्यांनी खुर्चीवर बसवून शाल दिली. मी अर्धा तास बोलले. कप्तान, गलबतं, देवमासे, राजा, सगळं सांगितलं. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. ते एक सांगायचं होतं, ते दोनदा जिभेवर आलं. मी पाणी प्याले, ते खारंच होतं, आणि बसले.

रात्री भावाकडे राहणं आलंच. सकाळी वहिनीनं चहाबरोबर एक पत्र्याचा डबा पुढे केला. "मामंजीचे ब्रश हायेत, तुमी घेऊन जा. आमी उघडतबी नाई." ब्रश कडक झालेत, त्यांच्याखाली खडूची दोरी, निळी पडलेली, आणि तिच्याखाली वह्या. सात निघाल्या. मी तारीख शोधत बसले नाही, पानं उलटत गेले, आणि समुद्रच लागले. पानभर समुद्र. तुमच्या अक्षरात, बुकातून एकेक उतरवून घेतलेले, मी वाचायला बसायच्या आधीच. मला वाटायचं तुम्ही माझ्या वाचण्यावर अवलंबून होतात. अक्षरं मोजायला तुम्ही सगळी नावं आधीच लिहून काढली होती, आणि प्रत्येकापुढे बारीक अक्षरात 'बुकातून'. सगळ्यात खाली, वेडेल समुद्र. बरोबर लिहिलेलं, वेलांटी ना काना चुकलेला. त्याच्यावर पेन्सिलीची एक रेघ. वर लिहिलंय, वेड्याले समुद्र. आणि 'बुकातून' खोडून त्यापुढे: 'पोरीनं वाचलं. तेच बरोबर असन.'

माझ्या प्रश्नाचं उत्तर हे, बाबा. तुम्हाला बरोबर नाव ठाऊक होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. आणि ते तुम्ही खोडलंत, कारण पोरगी सातवीत होती आणि तुम्ही चौथी. साहेबांपुढे हात खिशाकडे गेला तेव्हा खिशात हेच पान होतं. मी चहाचा कप हातात धरून रडले. वहिनी घाबरली, म्हणाली, "काय झालं ताई, कोनाची चिठ्ठी हाये?" मी म्हटलं, माझीच.

शनिवारची सकाळची शाळा असते. मी वही पिशवीत घालून परत गेले. बाई चकित झाल्या. मी म्हटलं, काल एक राहून गेलं, पाच मिनिटं द्या. मुलांना भिंतीपाशी बसवलं, वहीचं ते पान उघडलं, आणि तुम्ही कापड दुकानदारापुढे धरली होतीत तशी पुढे धरली. म्हटलं, "हे पाहा. पेंटरनं बरोबर लिहिलं होतं. मी खोडसाळपणानं चुकीचं वाचलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणून भिंतीवर चूक झाली. ती चूक त्यांची नव्हती, माझी आहे." बाईंनी वही हातात घेऊन दोनदा वाचली. मग म्हणाल्या, सोमवारी खरवडायच्या आधी तेवढ्या कोपऱ्याचा फोटो काढून वर्गात लावू, आणि शेजारी या पानाचा. मुलांत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतली एक पोरगी, दोन वेण्या, तिनं हात वर केला. "आजी, साहेब हासले, पोरं हासले, तवा तुमी कोठी होत्या?"

मी म्हटलं, तिसऱ्या रांगेत.

"मंग?"

घंटा झाली, किंवा मी ती झाली असं धरलं. घरी येऊन हे लिहितेय. पाकिटात घालायचं नाही, पत्ता कुठला टाकणार. घडी करून समुद्रांच्या पानात ठेवून देईन, तुमच्याच वहीत. त्या पोरीला मी रांगेत उभी होते एवढंच सांगितलं. तुम्हाला उरलेलं सांगते. कुणाला संशय येऊ नये म्हणून, बाबा, सगळ्यांच्या बरोबर मीसुद्धा हसले होते. आणि तुम्ही रुमालानं तोंड पुसताना माझ्याच रांगेकडे बघत होतात.